दीडशेची की दोनशेची? बॅटरी घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर

बॅटरीच्या दुकानात शिरलं की काउंटरवरचा मुलगा पहिलं विचारतो, "दीडशेची देऊ की दोनशेची?" उत्तर द्यायची घाई करू नका. नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये अधूनमधून अर्धा तास लाइट जाते. इगतपुरी-घोटीकडे पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की रात्र अंधारात निघते. आणि निफाडकडच्या शेतकऱ्याला रात्रपाळीच्या लाइटीवर पाणी भरताना बिबट्याच्या धाकाने पहाटेपर्यंत टॉर्च हवा असतो. तिघांनाही बॅटरीच हवी आहे, पण तिघांची बॅटरी एक नाही.

इन्व्हर्टर बसवायच्या कामामुळे "बॅटरी वर्षातच बसली" ही तक्रार माझ्या कानावर कायम येते. तपासायला गेलं की बहुतेक वेळा माल ठीक असतो. बॅटरी ज्या कामासाठी बनली नाही त्या कामाला जुंपलेली असते. म्हणून सुरुवात दुकानातून नको, घरातून करा.

पहिली पायरी: हिशोब कागदावर

चार गोष्टी लिहून काढा: एकूण किती वॅट, एका वेळी किती तास, वर्षातून साधारण किती वेळा, आणि बॅटरी कुठे ठेवणार. शेवटच्या दोन गोष्टी कोणीच लिहीत नाही, आणि निर्णय बराचसा त्यांवरच ठरतो.

समजा दोन साधे पंखे (प्रत्येकी ७५ वॅट), चार एलईडी बल्ब आणि वायफायचा राउटर चालवायचा आहे. मिळून साधारण २०० वॅट. तीन तास चालवायचं म्हणजे ६०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून ०.८ ने भागा: ७५० वॅट-तास बॅटरीतून निघणार. लेड-अ‍ॅसिड (शिसं-अ‍ॅसिडची, नेहमीची) बॅटरी रोजच्या वापरात निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून दुप्पट करा: १५०० वॅट-तास. त्याला १२ व्होल्टने भागलं की १२५ एएच (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप; दुकानातले दीडशे-दोनशे ते हेच). बाजारात त्याच्या वरचा सोयीचा आकडा १५०, म्हणजे दीडशेची घ्या.

आता तेच दोन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा. एकूण वॅट ११० च्या आसपास येतात आणि हिशोब ७० एएचच्या आत बसतो. मोठ्या बॅटरीवर खर्च करण्याआधी पंख्यांचा विचार करा, हे मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो. दुकानदार सांगत नाही, त्याला पंखे विकायचे नसतात.

एएचच्या आकड्यात एक मेख आहे. लेबलवर एएचच्या पुढे सी-१० किंवा सी-२० लिहिलेलं असतं. १५० एएच सी-२० म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. १५० एएच सी-१० म्हणजे पंधरा अँपिअर दहा तास. लेड-अ‍ॅसिड जितक्या वेगाने उपसाल तितकं तिच्यातून कमी निघतं. म्हणून दोन्हींवर १५० छापलं असलं तरी सी-१० वाली खरी दमदार. वरच्या उदाहरणात बॅटरीतून सुमारे २१ अँपिअर ओढले जातात, म्हणजे दोन्ही रेटिंगपेक्षा जास्त. दोन कंपन्यांचे दर लावून बघताना आधी हे अक्षर आणि आकडा सारखा आहे का ते पाहा.

दुसरी पायरी: आत काय चालतं ते थोडक्यात

बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते. दोन वेगवेगळे पदार्थ आणि त्यांच्यामध्ये विद्युतवाहक द्रव किंवा ओलसर लगदा असतो. बाहेरून तार जोडली की रासायनिक क्रिया सुरू होते आणि इलेक्ट्रॉन तारेतून धावतात. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जस्त-तांब्याच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेलं पुठ्ठं यांची चळत रचून हे दाखवलं. ही क्रिया उलटी फिरवता आली तर बॅटरी पुन्हा चार्ज होते. तशी पहिली लेड-अ‍ॅसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेने १८५९ मध्ये केली, आणि आपल्या जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी तिचीच वंशज आहे.

तिच्या एका सेलमध्ये शिशाची प्लेट, लेड डायॉक्साइडची प्लेट आणि पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. एक सेल सुमारे दोन व्होल्टचा, सहा सेल मिळून बारा. वीज वापरली जाते तशा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट बसतं आणि अ‍ॅसिड पाणचट होत जातं. चार्ज केलं की उलट: सल्फेट सुटतं, अ‍ॅसिड पुन्हा जड होतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण बॅटरी तपासायची सगळी विद्या या अ‍ॅसिडच्या जडपणावर उभी आहे.

बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली तर ताजं, मऊ सल्फेट हळूहळू कडक होतं, जसा डब्यातला पाक विसरला की तळाला साखरेचे खडे बसतात. हे खडे चार्जिंगने सुटत नाहीत. बॅटरी "चार्जिंग धरत नाही" म्हणतात ती बहुतेकदा हीच.

तिसरी पायरी: लेड-अ‍ॅसिडमधलीच भावंडं ओळखा

गाडीची बॅटरी पातळ-पातळ, पुष्कळ प्लेटची असते. सेल्फ मारताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, मग डायनॅमो लगेच भरून काढतो. ती खोलवर रिकामी करायची नाही. गणपतीत मंडपाच्या लायटिंगला जुनी ट्रॅक्टरची बॅटरी लावतात, एका रात्रीत पार बसवतात. असं वारंवार केलं की तिचं आयुष्य शंभरभर फेऱ्यांत (एकदा भरून रिकामी केली की एक फेरी) आटोपतं.

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत धन प्लेट म्हणजे कापडी नळ्यांची रांग. प्रत्येक नळीत शिशाचा दांडा आणि भोवती मसाला, म्हणजे रासायनिक क्रिया करणारा पदार्थ, ठासलेला. नळीमुळे मसाला गळून तळाशी पडत नाही, म्हणून ती खोल उपसा सहन करते. चांगली ट्यूब्युलर रोज निम्मी रिकामी केली तरी हजारावर फेऱ्या देते. दीडशेची असेल तर वजन पन्नास किलोच्या पुढे जातं, आणि ते वजन मुख्यतः शिशाचंच असतं. घेताना लेबलवरचं वजन वाचा. त्याच एएचला एखादी फारच हलकी असेल तर शिसं कुठेतरी वाचवलंय.

एसएमएफ किंवा व्हीआरएलए म्हणजे बंद डब्याची. अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत किंवा जेलमध्ये मुरवलेलं, पाणी घालायचं नाही. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच, स्कूटरची आणि पाठीवरच्या फवारणी पंपाची बहुधा याच जातीची. उष्णता हिला अजिबात मानवत नाही.

चौथी पायरी: लिथियम घ्यायची का?

लिथियम-आयन बॅटरी बाजारात १९९१ मध्ये सोनीने आणली, आणि ज्यांच्या कामावर ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिच्यात सल्फेटसारखं काही बसत नाही. लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांतून निघतात, दुसऱ्या बाजूच्या पदार्थात जाऊन बसतात, चार्ज करताना परत येतात. म्हणून फेऱ्या जास्त मिळतात.

आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. एनएमसीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. सेल सुमारे ३.६ व्होल्टचा, किलोमागे १५० ते २५० वॅट-तास. एलएफपीत लोह आणि फॉस्फेट, सेल ३.२ व्होल्टचा, किलोमागे त्याहून कमी, पण फेऱ्या दोन-तीन हजार आणि तापून पेट घेण्याचा धोका बराच कमी. तुलनेला, लेड-अ‍ॅसिड किलोमागे जेमतेम ३० ते ४० वॅट-तास देते. गाडीत वजन आणि जागा महत्त्वाची, म्हणून एनएमसी तिथे शोभते. घरात बॅटरी भिंतीला बसून राहणार; घरासाठी मी डोळे मिटून एलएफपी सांगतो.

पण घ्यायची का, याचं उत्तर पहिल्या पायरीतल्या "वर्षातून किती वेळा" वर आहे. एलएफपीची १२.८ व्होल्ट १०० एएच बॅटरी ९० टक्के वापरली तर एका फेरीत १.१५ युनिट देते. तीन हजार फेऱ्यांत साधारण ३४५० युनिट. दीडशेची ट्यूब्युलर निम्मी वापरली तर फेरीला ०.९ युनिट, हजार फेऱ्यांत ९००. म्हणजे लिथियम जवळपास चौपट वीज देते, आणि दर चौपटीच्या आत असेल तर ती स्वस्त पडली. मात्र त्या तीन हजार फेऱ्या तुम्ही वापरणार असाल तरच. नाशिक शहरात आठवड्यातून एकदा लाइट जाणाऱ्या घरात दहा वर्षांत पाचशेच फेऱ्या होतील; उरलेल्यांचे पैसे वाया. तिथे ट्यूब्युलर बरी, पाणी घालायचा कंटाळा नसेल तर. इगतपुरी-त्र्यंबककडे, सोलरवर रोज चार्ज-रिकामी होणाऱ्या घरात किंवा छोट्या दवाखान्यात लिथियम पैसे वसूल करते.

लिथियम घेताना दोन गोष्टी अडवून विचारा. इन्व्हर्टरमध्ये लिथियम मोड आहे का? नुसता लेड-अ‍ॅसिडसाठी बनलेला इन्व्हर्टर ठरावीक काळाने व्होल्टेज चढवून अ‍ॅसिड ढवळायचा प्रयत्न करतो. लिथियमला ते चालत नाही. दुसरं, आतलं बीएमएस (सेलची राखण करणारं, गरज पडली की वीज तोडणारं सर्किट) किती अँपिअर सोसतं? १२ व्होल्टच्या सिस्टीमवर ८०० वॅटचा मिक्सर लावला तर ऐंशी अँपिअरच्या आसपास ओढले जातात. बीएमएस पन्नासचं असेल तर ते पटकन तोडेल आणि तुम्ही म्हणाल बॅटरी बंद पडली. तसंच बीएमएसने तोडल्यावर मीटरवर शून्य व्होल्ट दिसतं. म्हणून ती लगेच मेली असं समजू नका. लिथियमच्या चार्जरने जागी होते का ते आधी पाहा.

थंडीचंही सांगून ठेवतो. शून्याखाली लिथियम चार्ज केली तर धातूरूप लिथियम साचून ती बिघडते. निफाडला हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. फक्त सोलर पंपाचा पॅक उघड्यावर असेल तर भल्या पहाटे जोराने चार्ज करू नका.

पाचवी पायरी: जागा आणि जोडणी

उष्णतेचा ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य निम्मं होतं. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पश्चिमेची बाल्कनीही टाळा. जिन्याखालची हवेशीर जागा उत्तम.

हवेशीर यासाठी की चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. आमच्याकडे बऱ्याच घरांत देवघराखालच्या कपाटात बॅटरी सारलेली असते, वर समई तेवत असते. ते बदला. गॅस सिलिंडरशेजारीही नको.

"फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते" हे अजून ऐकू येतं. जुन्या काळच्या लाकडी-रबरी डब्यांबाबत त्यात तथ्य होतं. आजचा प्लास्टिकचा डबा फरशीवर ठेवलात तरी काही होत नाही. ट्रॉली घ्या ती साफसफाईसाठी.

जोडताना आधी पॉझिटिव्ह, काढताना आधी निगेटिव्ह. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. पाना दोन टर्मिनलना एकदम टेकला तर लाल होतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावणार असाल तर एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या. जुनीला नवी जोडली की जुनी नवीला आपल्याबरोबर ओढते.

बिल घेताना बॅटरीवरचा बनावटीचा महिना पाहा. तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून असेल तर दुसरी मागा. वॉरंटी "३६ अधिक १८" लिहिली असेल तर पहिले ३६ महिने फुकट बदलून, पुढचे १८ नुसती सूट. कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्या.

सहावी पायरी: पाणी

खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये पातळी ठेवायची, एवढंच काम आहे, तरी सगळ्यात जास्त बॅटऱ्या इथेच जातात. फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसतात. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार थोडे का होईना राहतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी साठवून घालणारेही भेटतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण येतात. डिस्टिल्डचा कॅन काही महाग नाही.

प्लेट बुडालेल्या असतील तर आधी पूर्ण चार्ज, मग पाणी. चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड उतू जातं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घाला. अ‍ॅसिड कधीही घालू नका. अ‍ॅसिड उडून जात नाही, पाणीच जातं. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवून तडक डॉक्टर.

सातवी पायरी: तपासणी

मल्टिमीटर घ्या. पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर सुटा करून बॅटरी काही तास निवांत ठेवा. चार्जर काढल्या-काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. गाडीची बॅटरी पूर्ण भरली की १२.७ च्या आसपास. हेच आकडे लोक ट्यूब्युलरला लावतात आणि १२.५ दिसलं की घाबरतात. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलरमध्ये अ‍ॅसिड मुळातच पातळ असतं, घनता १.२४० च्या आसपास, तिला १२.५ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.१ निम्मी, ११.७ च्या खाली रिकामी. ढोबळ सूत्र सोपं आहे: घनतेत ०.८४ मिळवा, सहाने गुणा.

मीटरपेक्षा खरं बोलतो हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची काचेची नळी, आणि तो दोन-अडीचशे रुपयांच्या वस्तूंत मोडतो. चष्मा आणि हातमोजे घाला. रबरी फुगा दाबून नळी सेलमध्ये बुडवा आणि फुगा सावकाश सोडा. अ‍ॅसिड काचेत चढतं, आतला तरंगा उचलला जातो. नळी सरळ धरा, तरंगा काचेला चिकटू देऊ नका, टिचकी मारून मोकळा करा, मग द्रवाची रेघ जिथे काट्याला छेदते तो आकडा वाचा. अ‍ॅसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. असं सहाही सेलचं, कागदावर क्रमाने.

सगळीकडे १.२३० च्या पुढे असेल तर बॅटरी तंदुरुस्त आहे आणि बॅकअप कमी मिळतोय तर दोष लोडमध्ये किंवा इन्व्हर्टरमध्ये शोधा. सगळीकडे सारखाच १.१७० दिसला तर ती अर्धपोटी आहे: चार्जर कमी करंट देतोय किंवा व्होल्टेजच कमी येतंय. पाच सेल १.२३० आणि एक १.१५० असेल तर तो सेल गेला. पाच चांगल्यांना तो एकटा खाली ओढतो, आणि त्याच्यावर घरगुती इलाज नाही. मेकॅनिक "अ‍ॅसिड बदलून देतो" म्हणाला तर सरळ नको म्हणा. आकडा चढेल, प्लेट सुधारणार नाहीत.

एलएफपीला यातलं काही लागू नाही. तिचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतं, मीटर लावून अंदाज येत नाही. बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक सेलचा आकडा पाहा आणि महिन्यातून एकदा तरी शंभर टक्के भरू द्या, म्हणजे मोजणी जागेवर येते आणि सेल समान होतात.

शेतातल्या आणि खिशातल्या बॅटऱ्या

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी टोमॅटो-कांद्याचा हंगाम संपला की शेडच्या कोपऱ्यात पडते, तीही रिकामी. पुढच्या हंगामात ती चालत नाही याचं नवल नको. लेड-अ‍ॅसिड नुसती ठेवली तरी महिन्याला तीन-पाच टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्त. म्हणून पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. लिथियमच्या पंपाचं उलट: अर्धवट चार्जवर, सावलीत ठेवा.

भिंतीवरच्या घड्याळाला साधा झिंक-कार्बन सेल पुरतो. खेळणी, कॅमेरा अशा जास्त ओढणाऱ्या वस्तूंना अल्कलाइन. पण संपल्यावर तो काढून टाका, गळला तर स्प्रिंग खातो. रोज टॉर्च वापरणाऱ्याने निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्यावेत. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, बहुतेक टॉर्चना चालतात, आणि शेकडो वेळा चार्ज होतात.

बटण सेल लहान मुलांपासून लपवा. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ हॉस्पिटल गाठा.

जुनी द्यायची कुठे

लेड-अ‍ॅसिडचं शिसं जवळपास सगळं परत वितळवता येतं, म्हणून जुनी बॅटरी कधी फुकट देऊ नका. नवीच्या बिलातून तिचे पैसे वजा करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाला जास्त देतो म्हणून त्याच्या दारात अ‍ॅसिड नाल्यात ओतून रिकामी बॅटरी देणारे आहेत; तो नाला पुढे गोदावरीलाच मिळतो.

लिथियमचे पॅक आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना त्या पेटतात. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका. टर्मिनलला चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा जिथून घेतली त्या डीलरकडे पोचवा.